क्लोन वॉर्सचा सातवा सीझन एका दिवसात: आधी काय बघायचं, कुठे थांबायचं?

कोरसाँवासी

‘स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स’ या ॲनिमेशन मालिकेचा सातवा, शेवटचा सीझन सगळ्यांनी मिळून, एका दिवसात, नीट साजरा करायचा बेत आहे. आठ-दहा जण असतील. निम्म्यांची मालिका पाठ आहे, काहींनी अधूनमधून बघितलीय आणि दोघांनी फक्त चित्रपट पाहिलेत. अडचण या शेवटच्या दोघांची. त्यांना थेट सातवा सीझन दाखवला तर शेवटच्या चार भागांत, मँडलोर ग्रहाच्या वेढ्याच्या वेळी ते ‘हा कोण, ती कोण’ विचारत बसणार आणि बाकीचे वैतागणार.

तर आधीचे कोणते भाग दाखवावेत, म्हणजे शेवटचे चार भाग पूर्ण पोचतील? ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ हा चित्रपट भागांच्या मधे घालावा की नाही? पडदा, आवाज, सजावट यांबद्दलही सांगा. १३३ भाग बघून या, असं कृपया कुणी सुचवू नका.

---

सेनापती७५६७

१३३ ची गरजच नाही. शेवटचे चार भाग तीन धाग्यांवर उभे आहेत: खलनायक मॉल आणि मँडलोर, ॲनाकिनची शिष्या असोका हिने जेडाय संघ का सोडला, आणि क्लोन सैनिकांच्या डोक्यातली चिप. तिन्ही धागे पाचव्या-सहाव्या सीझनमध्ये जवळजवळ ओळीने येतात. त्यामुळे ११ भागांत काम होतं:

पाचवा सीझन, भाग १४ ते १६ (एमिनन्स, शेड्स ऑफ रीझन, द लॉलेस). मॉल गुन्हेगारी टोळ्यांची मोट बांधतो, डेथ वॉच या मँडलोरी बंडखोर गटाला हाताशी धरून मँडलोर घेतो, त्यांचा नेता व्हिझला याला द्वंद्वात मारून डार्कसेबर हे काळ्या पात्याचं शस्त्र मिळवतो. त्या गटातली बो-कटान तिथेच फुटून बाहेर पडते. तिचं आणि मॉलचं वैर इथे दिसलं नाही तर सातव्या सीझनमध्ये ती असोकाकडे मदत मागायला का येते, तेच कळत नाही.

पाचवा सीझन, भाग १७ ते २० (सॅबोटाज, द जेडाय हू न्यू टू मच, टू कॅच अ जेडाय, द राँग जेडाय). यातला एकही गाळू नका. शेवटच्या भागातला पायऱ्यांवरचा निरोप बघितलेला नसेल, तर सातव्याच्या नवव्या भागात ॲनाकिन तिच्यासमोर लाइटसेबर धरतो तेव्हा नवख्याला ती नुसती वस्तूंची देवाणघेवाण वाटेल.

सहावा सीझन, भाग १ ते ४ (द अननोन, कॉन्स्पिरसी, फ्युजिटिव्ह, ऑर्डर्स). टप हा सैनिक रिंगो विंडाच्या लढाईत अचानक एका जेडायला मारतो, आणि त्याचा साथी फाइव्ह्ज त्यामागचं कारण खणत जातो. ‘शॅटर्ड’मध्ये (सातव्याचा अकरावा भाग) क्लोन सेनानी रेक्स स्वतःशीच झगडत असोकाला ‘फाइव्ह्जला शोध’ एवढंच सांगतो. या एका वाक्याचं सगळं वजन त्या चार भागांत साठलेलं आहे. वेळ अगदीच कमी पडला तर पहिला आणि चौथा दाखवा, मधले दोन तोंडी सांगा.

जुने भाग सुमारे २२ मिनिटांचे, म्हणजे अकरा भागांना चार तास. सातव्याचे पहिले आठ भाग जरा लांब आहेत, त्यांना साधारण तीन तास वीस मिनिटं धरा. शेवटच्या चारांना पावणेदोन ते दोन तास. एकूण सव्वानऊ तास, विश्रांती वेगळी. एका दिवसात बसतं, पण मग चित्रपट बसत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं लागेल.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. पाचव्याचा पहिला भाग ‘रिव्हायव्हल’ मॉलचाच आहे आणि प्रसारणात सीझनच्या सुरुवातीला आला, पण कथेत तो ‘एमिनन्स’च्या लगेच आधी बसतो. दाखवायचा असेल तर चौदाव्याच्या आधी लावा.

---

बेसकरची_झाल

यादी चोख आहे, पण एको हा क्लोन सैनिक राहिला की. सातव्याचे पहिले चार भाग (द बॅड बॅच, अ डिस्टंट एको, ऑन द विंग्ज ऑफ कीराडॅक्स, अनफिनिश्ड बिझनेस) पूर्णपणे त्याच्यावर आहेत. तो मेला असं मानलं गेलं तो भाग म्हणजे तिसऱ्या सीझनमधला एकोणिसावा, ‘काउंटरअटॅक’. त्याच्या आधीचं सगळं बघायला वेळ नसेल, तर निदान पहिल्या सीझनचा पाचवा ‘रूकीज’ आणि हा ‘काउंटरअटॅक’ एवढे दोन तरी घ्या. पाऊण तासाचा मामला आहे. नाहीतर स्काको मायनरवर रेक्स त्या नळ्यांच्या जंजाळात एकोला ओळखतो, तेव्हा नवख्यांच्या लेखी तिथे फक्त कुणीतरी आजारी माणूस असतो.

आणि आता मूळ भांडण. भाग ५ ते ८, म्हणजे ट्रेस आणि राफा मार्टेझ या बहिणींची कथा. लोक सर्रास सांगतात ‘गाळा’. मान्य, चार भाग भरतील इतकं त्यात नाही, तीन भागांत संपलं असतं. तुरुंगातून सुटणं-पकडणं दोनदा होतं आणि मसाल्याच्या (इथे मसाला म्हणजे अमली पदार्थ) खेपेचा गोंधळ ताणलेला आहे. पण सरसकट गाळू नका, दोन कारणांनी. जेडाय संघाबद्दल सामान्य माणसाला काय वाटतं हे अख्ख्या मालिकेत इतकं उघड कुठेच येत नाही. राफाच्या तोंडून आई-वडिलांच्या मृत्यूची गोष्ट येते तेव्हा असोकाला गप्प बसावं लागतं. दुसरं म्हणजे आठव्या भागात, ‘टुगेदर अगेन’मध्ये, मसाल्याची तस्करी करणाऱ्या पाइक टोळीच्या मागे मॉल आहे हे असोकाला कळतं आणि शेवटी बो-कटान तिला गाठते. नववा भाग इथूनच सुरू होतो.

तडजोड: पाचवा आणि आठवा दाखवा, सहावा-सातवा गाळा. ‘ट्रेसचं जहाज घेऊन तिघी मसाल्याची खेप आणायला गेल्या, ट्रेसने घाबरून सगळा माल अवकाशात सोडला, पाइकांनी तिघींना डांबलं’ एवढं सांगितलं, आणि सातव्यात येणारी राफाच्या आई-वडिलांची गोष्टही तोंडी सांगितली, की आठवा बिनबोभाट सुरू होतो. पन्नासेक मिनिटं वाचली.

---

सेनापती७५६७

तडजोड पटली. एकोबद्दलही बरोबर. फक्त ‘रूकीज’ सकाळी सगळ्यात आधी लावा. तो एरवीही नवख्यांना सोपा जातो: एक चौकी, मूठभर नवे सैनिक, एकच रात्र. चित्रपटांत एकसारखे दिसणारे हे सैनिक वेगवेगळी माणसं आहेत, हे तिथे वीस मिनिटांत डोक्यात बसतं.

---

पडदेवाला

कथेचं तुम्ही बघा, मी पडद्याचं सांगतो. चांगली यादी असूनही बेत फसतो तो इथेच.

ही मालिका रुंद चौकटीत आहे, सुमारे २.३५ ला १. आपले टीव्ही १६:९. म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या राहणार आणि चित्राला पडद्याच्या उंचीचा तीन चतुर्थांशच भाग मिळणार. उदाहरणार्थ ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंमी रुंद आणि साडेअडुसष्ट सेंमी उंच असतो, त्यात चित्र येतं जेमतेम ५२ सेंमी उंच. दहा जणांना ते लहान पडतं. शक्य असेल तर प्रोजेक्टर लावा. पण प्रोजेक्टरवर काही जण झूम करून काळ्या पट्ट्या पडद्याबाहेर ढकलतात, आणि सबटायटल्स त्या खालच्या पट्टीत येत असतील तर तीही बाहेर जातात. सबटायटल्स हवी असतील तर झूम करण्याआधी ती चित्रावर येतात की पट्टीवर, ते एका संवादावर थांबवून बघा. टीव्हीवर ‘पडदा भरा’ पर्याय तर चुकूनही लावू नका. दोन्ही कडा कापल्या जातात आणि या मालिकेत दोन पात्रं बहुतेक वेळा चौकटीच्या दोन टोकांना उभी असतात.

मोशन स्मूदिंग बंद. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण सेटिंग एकच: मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः बनवून घालतो. लाइटसेबर वेगाने फिरतं तेव्हा पात्याभोवती तुटक कडा दिसायला लागतात त्या यामुळेच. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावला की हे बहुधा आपोआप बंद होतं, तरी एकदा तपासा.

खोलीत अंधार हवा. ‘शॅटर्ड’ आणि ‘व्हिक्टरी अँड डेथ’ हे शेवटचे दोन भाग बहुतांश जहाजाच्या आतल्या बोळांत घडतात, काळ्या-निळ्या छटांत. समोरच्या खिडकीतून उजेड आला तर तिथे काहीच दिसणार नाही. म्हणून शेवटचे चार भाग सूर्यास्तानंतरच ठेवा. स्ट्रीमिंगवर अंधाऱ्या दृश्यांत रंगांचे पट्टे पडतात, ते नेटचा वेग दबला की वाढतात. वायफायऐवजी तार जोडता आली तर जोडा, निदान बाकीच्यांचे फोन त्या जोडणीवरून उतरवा.

आवाज: ब्लूटूथ स्पीकर नको. आवाज ओठांच्या मागे राहतो, आणि द्वंद्वाच्या प्रसंगात पाती आपटल्यावर खणखणाट उशिरा येतो. तार किंवा एचडीएमआय वापरा. साउंडबारवर ‘नाइट मोड’ असेल तर तो बंद करा, कारण तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज वर आणतो. केव्हिन काइनरचं या शेवटच्या कथेचं संगीत सिंथेसायझरच्या खोल, दबक्या सुरांवर चालतं. ते सपाट झालं की निम्मी मजा गेली. संवाद ऐकू येत नसतील तर फक्त मधल्या स्पीकरची पातळी २-३ डेसिबलने वाढवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘स्किप इंट्रो’ला हात लावायचा नाही, ऑटोप्ले बंद ठेवायचा. नवव्या भागापासून सुरुवातच बदलते. जुन्या चित्रपटांसारखं हिरव्या अक्षरांतलं लुकासफिल्मचं नाव येतं, मालिकेचं नाव लाल होतं, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला येणारं ते बोधवाक्य नाहीसं होतं. एरवी दर भागाला सवयीने बटण दाबणारा कुणीतरी असतोच. रिमोट त्याच्यापासून लांब ठेवा.

---

कोरसाँवासी

हे सगळं सोन्यासारखं. ऑटोप्लेचं खरंच लक्षात आलं नसतं.

चित्रपटाबद्दल अजून मन डळमळतंय. मध्ये मध्ये घालून बघायची पद्धत ऐकली होती. ती जमण्यासारखी आहे का? म्हणजे मॉलची सकाळची यादी कापून?

---

होलोटेबल

जमते, पण ज्यांनी दोन्ही पाहिलंय त्यांच्यासाठी. मालिकेचे शेवटचे चार भाग ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’च्या समांतर घडतात, आणि जोडणीच्या जागा मालिकेतच दिलेल्या आहेत. त्या धरून चाललं की सहा वेळा थांबावं लागतं:

नववा भाग पूर्ण. त्यात चॅन्सेलरचं अपहरण झाल्याचा निरोप येतो, ओबी-वान आणि ॲनाकिनला कोरसाँकडे निघावं लागतं. मँडलोरला जायला ॲनाकिन ५०१ वी फौज दोन भागांत तोडतो आणि रेक्सला असोकाबरोबर देतो. चित्रपट बरोबर त्या सुटकेनेच सुरू होतो.

मग चित्रपट सुरुवातीपासून ऑपेराच्या प्रसंगाच्या शेवटापर्यंत, साधारण पाऊण तास. ॲनाकिनने चॅन्सेलरवर नजर ठेवावी, असं ओबी-वानने त्याला सांगून झालेलं असतं.

आता दहावा, ‘द फँटम अप्रेंटिस’. यात होलोग्रामवर ओबी-वान असोकाला डूकूच्या मृत्यूबद्दल आणि त्या नजर ठेवण्याच्या कामाबद्दल सांगतो. चित्रपटाचा तो तुकडा आधी दाखवलेला नसेल तर हे संभाषण कोरडं जातं. मॉल सिडियसच्या डावाबद्दल जे बडबडतो, त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं आणि असोकाला नाही. या भागाची सगळी गंमत त्यात आहे.

परत चित्रपट, ऑर्डर ६६ चे (क्लोनांनी जेडायना मारण्याच्या हुकमाचे) सगळे प्रसंग संपून योडा कशीकवरून निसटेपर्यंत.

अकरावा आणि बारावा लागोपाठ, पण बारावा पूर्ण नाही. असोका हेल्मेटांच्या रांगेसमोर उभी राहून लाइटसेबर टाकून देते, तिथे थांबवा. त्यापुढचा बर्फातला तुकडा कितीतरी नंतरचा आहे. आता उरलेला चित्रपट बघा, आणि तो संपल्यावर तो बर्फातला तुकडा लावा. तिथे जो येतो त्याला मुखवट्यात बघायला आधी चित्रपटाचा मुस्ताफर ग्रहावरचा शेवट बघून झालेला असला पाहिजे.

एकूण वेळ: चित्रपट १४० मिनिटं, चार भाग सुमारे ११०. चार तास दहा मिनिटं, वर थांबण्याची मिनिटं. म्हणजे सकाळची यादी ठेवायची तर बॅड बॅच आणि मार्टेझ दोन्ही काढावे लागतील. मग तो सातव्या सीझनचा उत्सव कसला? तुमच्या दोन पाहुण्यांनी चित्रपट पाहिलाय म्हणताय ना, मग चित्रपट नकोच. आदल्या दिवशी ज्याने त्याने आपापला बघावा.

---

बेसकरची_झाल

+१. शिवाय कापाकापीत एक तोटा कुणी सांगत नाही. ‘शॅटर्ड’ची सुरुवात ऑर्डर ६६ च्या आधीची आहे. असोका होलोग्रामवरून जेडाय परिषदेशी बोलते, विंडू सांगतो की ग्रीव्हसचा ठावठिकाणा लागलाय. होलोटेबलच्या क्रमात आपण ऑर्डर ६६ आधीच बघून आलेलो असतो. मग त्या भागाचा पहिला अर्धा, जिथे काहीच घडत नाही आणि तरी जीव टांगणीला लागतो, तो मागे गेल्यासारखा वाटतो. त्यातून वाचायचं तर भागाच्या मधोमध थांबवावं लागतं आणि ते पाप आहे. ‘शॅटर्ड’ एका दमात बघायचा भाग आहे.

---

होलोटेबल

ते खरंय. क्रम शंभर टक्के जुळत नाही, कुठेतरी दुमड पडतेच.

---

फोमकाम

सजावटीबद्दल कुणी बोललं नाही. फुगे-बिगे सोडा, एक गोष्ट करा: ३३२ व्या तुकडीचं हेल्मेट. नवव्या भागात सैनिक असोकाच्या चेहऱ्यावरच्या खुणा आपल्या हेल्मेटांवर नारिंगी रंगात रंगवून तिच्या स्वागताला उभे राहतात, ते. एकच केलं तरी खोलीचा नूर बदलतो, आणि ते बारावा भाग संपेपर्यंत समोर ठेवलेलं असलं की बघणाऱ्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

साहित्य: ५ मिमी जाडीचा ईव्हीए फोम कवचासाठी, २ मिमीचा कडा आणि नक्षीसाठी. काँटॅक्ट ॲडहेसिव्ह, हीट गन, नवी पाती लावलेला कटर, पांढरा फेविकॉलसारखा गोंद, पांढरा आणि नारिंगी ॲक्रिलिक, मास्किंग टेप. फेज २ क्लोन हेल्मेटचा नमुना घ्या, फेज १ चा नको. त्याची पट्टी आणि गालांचा आकार वेगळा असतो आणि जाणकार तीन सेकंदांत पकडतात.

नमुना छापताना प्रिंटरमध्ये ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के निवडा. ‘पानात बसवा’ राहिलं तर सगळं काही टक्क्यांनी आखडतं आणि हेल्मेट डोक्यात जात नाही. बहुतेक नमुन्यांवर मापाचा एक चौकोन दिलेला असतो, तो छापून पट्टीने मोजा आणि मगच बाकीची पानं काढा.

फोम कापताना पातं उभं धरा आणि दोन-तीन हलक्या ओढींत कापा. एका झटक्यात कापायला गेलात तर कडा तिरकी होते आणि जोडाला फट पडते. गोंद दोन्ही कडांना लावा, आठ-दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. ओला असताना जोडला तर धरत नाही. वाळल्यावर एकदा टेकला की हलत नाही, म्हणून एका टोकापासून सेंमी-सेंमीने दाबत जा. खिडक्या उघड्या ठेवा, वाफ डोक्यात जाते.

जोडून झालं की हीट गन सगळ्या पृष्ठभागावरून फिरती ठेवा. फोमला किंचित चकाकी आली की त्याची छिद्रं बंद झाली. एकाच जागी रेंगाळलात तर खड्डा पडतो. त्यानंतर पांढऱ्या गोंदात थोडं पाणी घालून तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळवून. हे टाळलं तर फोम रंग पितो, आणि हेल्मेट दाबलं की रंगाला भेगा जातात.

आता रंग. इथे सगळे उलटं करतात. आधी नारिंगी मारून वरून पांढऱ्या खुणा काढायला जातात आणि पांढऱ्याचे पाच हात दिले तरी खालचं नारिंगी डोकावतं. आधी सगळं हेल्मेट पांढरं करा, पूर्ण वाळवा. जिथे पांढऱ्या खुणा राहायला हव्यात तिथे टेप कापून चिकटवा, कडा नखाने दाबा. टेपवरून पुन्हा पांढऱ्याचा एक पातळ हात द्या. टेपच्या कडेखाली जे काही शिरायचं ते पांढरंच शिरतं आणि फट बुजते. मग नारिंगी, दोन पातळ हात. नारिंगी पूर्ण वाळायच्या आत, किंचित ओलसर असताना टेप सावकाश तिरकी ओढा. कडक वाळल्यावर ओढली तर रंगाची साल निघते.

रेक्सचं हेल्मेट या रंगात करू नका. त्याचं निळंच राहतं.

असोकाचा पोशाख कुणी करणार असेल तर पाती दोन्ही निळी, एक पूर्ण लांबीचं आणि एक आखूड. आधीच्या सीझनमधली हिरवी, आणि पांढरी पुढच्या मालिकेतली. आणि मूठ उलटी धरा, पातं मागे. तशी नाही धरली तर पोशाख कितीही सुंदर असो, फोटोत ती असोका वाटत नाही.

---

प्रोटोकॉल_ड्रॉइड

मधल्या सुट्ट्यांत प्रश्नमंजुषा ठेवा. सोपे प्रश्न विचारून उपयोग नाही, हे लोक पाजी आहेत. थोडे फसवे देतो, उत्तरांसकट:

शेवटचा भाग कोणत्या वारी आला? सगळे ‘शुक्रवार’ म्हणतील, कारण २१ फेब्रुवारी २०२० पासून बाकीचे शुक्रवारीच आले. शेवटचा आला सोमवारी, ४ मे २०२० ला.

मालिका परत येणार ही घोषणा कधी झाली? २०१८ च्या सॅन डिएगो कॉमिक-कॉनमध्ये. जोडप्रश्न: पाचव्या सीझनचा शेवटचा भाग कधीचा? मार्च २०१३. सहावा २०१४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला होता, तो बरेच जण मधल्या मध्ये विसरतात.

बॅड बॅचच्या चौघांना आवाज किती जणांनी दिलेत? एकाच माणसाने, डी ब्रॅडली बेकरने. रेक्सला आणि एकोलाही त्याचाच.

दहाव्या भागातल्या द्वंद्वात मॉलची हालचाल कुणाची? आवाज सॅम विटवरचा, त्यामुळे लोक तेच नाव सांगतात. पण द्वंद्वासाठी मोशन कॅप्चर केलं गेलं आणि मॉलच्या जागी होता रे पार्क, १९९९ च्या चित्रपटातला मूळ मॉल. असोकाच्या जागी लॉरेन मेरी किम.

क्लोन फोर्स ९९ (म्हणजेच बॅड बॅच) मधला ९९ कुठून? हा आकडा निव्वळ योगायोगाचा नाही. कमिनो ग्रहावरच्या ‘९९’ या व्यंग असलेल्या क्लोनच्या स्मरणार्थ. तो तिसऱ्या सीझनच्या ‘एआरसी ट्रूपर्स’मध्ये मरतो.

आणि एक खास जाणकारांसाठी: ‘शॅटर्ड’मध्ये असोकाला मदत करणाऱ्या तीन ड्रॉइडांची नावं? आर७-ए७, सीएच-३३पी, आरजी-जी१. तिन्ही सांगणाऱ्याला पुढच्या भागाला मधली खुर्ची.

नवखे असतील तर शेवटच्या दोन प्रश्नांआधी त्यांना बाहेर पाठवा, नाहीतर फुकटचे स्पॉयलर.

---

कोरसाँवासी

चित्रपट आदल्या दिवशी ज्याने त्याने बघायचा, ठरलं. वेळापत्रक असं केलंय, कुठे चुकतंय का बघा:

१०:०० रूकीज, काउंटरअटॅक
१०:४५ पाचवा सीझन १४ ते १६
१२:०० पाचवा सीझन १७ ते २०
१:३० जेवण, प्रश्नमंजुषा
२:३० सहावा सीझन १ ते ४
४:०० सातवा, १ ते ४
५:४५ सुट्टी
६:१५ सातवा, ५ आणि ८
७:१५ सातवा, ९ आणि १०
८:१५ छोटी सुट्टी
८:३० सातवा, ११ आणि १२

---

सेनापती७५६७

जवळजवळ बरोबर, दोन बदल करा.

सहाव्याचे चार भाग जेवणानंतर नकोत. ते संथ आहेत, प्रयोगशाळेत घडतात, आणि भरल्या पोटी निम्मी मंडळी पेंगतील. नेमका तोच धागा शेवटी लागतो. जेवणानंतर बॅड बॅच लावा, त्यात धावपळ आहे. सहाव्याचे चार ‘टुगेदर अगेन’च्या आधी गेले तरी कथेला धक्का लागत नाही, उलट चिपची आठवण ताजी राहते. फक्त नवख्यांना सांगा की ही मागची गोष्ट आहे, कारण फाइव्ह्ज तिथे जिवंत दिसतो.

दुसरं, ८:१५ ची सुट्टी दहाव्यानंतर ठेवलीत ते उत्तम. अकरावा आणि बारावा यांच्यामध्ये मात्र काही नको, चहा नाही, फोन नाही. ते दोन्ही भाग प्रसारणातही तीन दिवसांच्या अंतराने आले होते आणि ते तीन दिवस कुणाला सोसले नव्हते.

---

पडदेवाला

५:४५ च्या सुट्टीत एक काम उरकून घ्या. नवव्या भागाची पहिली दोन मिनिटं लावून आवाजाची पातळी ठरवा, आणि मागे नेऊन शून्यावर ठेवा. नाहीतर तुमचं ॲप ‘पुढे चालू’मधून तिथूनच सुरू करेल आणि ते हिरवं नाव जाईल. हे सगळं घरापुरतं आहे म्हणून ठीक. उद्या हौसेने सभागृह घेऊन लोकांना बोलवायचं ठरलं तर वैयक्तिक वर्गणीवर चालत नाही, जाहीर प्रदर्शनाचा वेगळा परवाना लागतो.